मणिकर्णिकेचं माप

भोसले घाटाच्या वरची गल्ली, काशी
६ एप्रिल १९९४

हिमानीस,

पत्ता पद्माने दिला. तुझ्या शाळेत तुझ्या शेजारच्या वर्गावर शिकवते आणि माझ्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते, म्हणजे कधी ना कधी देणारच होती. तिच्यावर चिडू नकोस, मीच महिनाभर तिच्या मागे लागले होते.

दोन वर्षांनी लिहिते म्हणून मोठं काही असेल असं समजू नकोस. आंधीचे दिवस आलेत, एवढंच. पद्मा म्हणाली की तुम्ही वरुणा नदीकडे घर घेतलंत. दोन खोल्या, वर गच्ची, आणि जिन्याच्या तोंडावर टीनचं छप्पर. घ्यायच्या आधी कोणाला विचारलं असतंत तर बरं होतं, पण ते आता गेलं.

तू दगडी घरात वाढलीस. आपल्या गल्लीत आंधी आली तर वर कोणाची चादर उडाली एवढंच कळायचं. तुझं घर मोकळ्यावर आहे, तिथे वारा अडवायला कोणी नाही. म्हणून टीनचं सांगते. लोक टीनवर विटा ठेवतात. तो मूर्खपणा आहे. टीन उडाली की विटाही उडतात आणि त्या डोक्यावर येतात. जाड तार घ्यायची, भिंतीतल्या कड्यात अडकवायची, चारी कोपऱ्यांना. दोऱ्या नकोत, दोरी उन्हाने कुजते. तुझ्या नवऱ्याला जमत नसेल तर लोहाराला बोलव. गणित शिकवणाऱ्याला तार बांधता येते की नाही मला माहीत नाही.

पश्चिमेला आकाश पिवळं झालं आणि घारी खाली उतरल्या की पंधरा मिनिटं असतात. आधी स्टोव्ह विझवायचा. मग खिडक्या. कपडे शेवटी. बायका आधी कपड्यांकडे धावतात. ब्रह्माघाटावरच्या सीताकाकू एका रजईपायी गेल्या, तुला आठवत असतील. रजई खाली गल्लीत पडली होती, नीट घडीसारखी. काकू तिच्या बाजूला. तुझ्या गच्चीला कठडा आहे का ते कळव.

तुला दिवस गेलेत हेही पद्मानेच सांगितलं. सातवा आहे म्हणाली. गच्चीवर जायचं नाही. कपडे उडाले तर तुझा बंगाली जाऊन आणेल. सकाळी मासे आणायला जातो ना, तसा जाईल.

पोळ्या व्हायच्यात, अठरा यात्रेकरू आलेत साताऱ्याचे. थांबते.

तुझी आई, मानलीस तर.


२९ एप्रिल

हिमानीस,

तुझं कार्ड आलं. "टीन बांधली. कठडा नाही. हिमानी." एवढ्या मोठ्या कार्डावर पाच शब्द. बाकीची जागा पोस्टाला दान केलीस. शाळेत पोरांना निबंध शिकवतेस म्हणे.

कठडा बांधून घ्या. पैसे नसतील तर बांबू ठोका, पण उघडी गच्ची ठेवू नका. आता दोघं आहात, उद्या रांगणारं असेल.

दुसरं असं की घरात कागद कुठे ठेवतेस? घराचा कागद, तुझ्या नोकरीचा कागद, सगळं एका पत्र्याच्या डब्यात घाल, वर मेणकापड बांध आणि माळ्यावर ठेव. काडेपेटी तांदळात पुरून ठेव, सर्द होत नाही. कंदिलाची काच एक जादा आण. आंधी आली की बिजली जाते, आणि ती आपल्या मोहल्ल्यात चार तासांत येते, तुमच्या वसाहतीत चार दिवसांनी येईल. नव्या वसाहतीला वाली नसतो.

दाराला पायऱ्या किती आहेत ते लिही. पुढे पावसाळा आहे.

पद्मा परवा म्हणाली, काकू, एकदा जाऊन बघून या ना, रिक्षाने अर्धा तास. मी म्हटलं, मला पोळ्या आहेत. तिला खरं काय सांगायचं. तुला माहीत आहे. तुझ्या लग्नाच्या दिवशी मी चौकात गंगेचं पाणी हातात घेऊन बोलले की तुझ्या घराचा उंबरा ओलांडणार नाही, आणि त्या माणसाने माझा ओलांडायचा नाही. सगळी गल्ली ऐकत होती. काशीत राहून गंगेवर हात ठेवून बोललेलं परत कसं घ्यायचं असतं हे मी कोणाला विचारलेलं नाही. विचारलं तर गल्लीला कळेल की मला परत घ्यायचं आहे.

तेव्हा पायऱ्या मोजून लिही. एवढं तर करशील.

आई


२३ मे

हिमानीस,

परवाच्या आंधीत इथे रामघाटाकडचा पिंपळ अर्धा मोडला. रात्रभर तुझ्या टीनचा विचार. दुपारी पद्मा शाळेतून आल्यावर म्हणाली, टीन जागेवर आहे, हिमानी ठीक आहे, फक्त घरभर वाळू. मग मी जेवले.

तुझं दुसरं कार्ड मिळालं. तीन पायऱ्या आहेत, नदी लांब आहे, मध्ये मोठं मैदान आहे, त्यात उन्हाळी काकड्या लावतात. बरं. तीन पायऱ्या पुष्कळ झाल्या. आपल्या शेजाऱ्यांकडे दोनच आहेत आणि अठ्ठ्याहत्तरच्या पुरातसुद्धा त्यांची चूल भिजली नव्हती.

आता बाळंतपणाचं. या दिवसांत झाडं पडून रस्ते बंद होतात, म्हणून एक रिक्षावाला नाही, दोन ठरवून ठेव. एक वरुणेच्या पुलाच्या अलीकडचा, एक पलीकडचा. जुन्या धोतरांचे लंगोट कर, नवं कापड बाळाला टोचतं. पिशवी आत्ताच भरून दाराशी ठेव.

पहिलं बाळंतपण आईकडे असतं. मागची खोली यात्रेकरूंना देते, म्हणून अडचण आहे.

मे महिन्यात यात्रेकरू कोण येतो. खोली रिकामी आहे. लिहिलं एवढंच, त्याचं उत्तर द्यायला हवं असं नाही.

आई


४ जुलै

चि. हिमानीस आणि छोटीला,

मुलगी झाली, अठरा जूनला, आणि मैत्रेयी नाव ठेवलंत हे कळलं. माझ्या आजीचं नाव होतं, हे तुला माहीत होतं की असंच ठेवलंस? असंच ठेवलं असेल तरी चालेल.

डिंकाचे लाडू पद्माने केले असं तिने सांगितलं असेल तर ते खोटं आहे. पद्माला पाक जमत नाही. दोन सकाळी, एक संध्याकाळी. सगळे तुझ्या सासूला वाटून टाकू नकोस. त्या बंगाली टोल्यातून दर दिवसाआड येतात आणि बाळाला तेल लावतात असं ऐकलं. चांगलं आहे. सरसूचं, म्हणजे मोहरीचं तेल लावतात का? लावू देत. त्यांची पद्धत.

आता मुद्द्याचं लिहिते. तू कार्डावर पहिल्यांदा तीन ओळी लिहिल्यास, आणि त्यातली एक अशी की "पाणी वाढायला लागलं की आम्ही बंगाली टोल्यात सासूबाईंकडे जाऊ असं हे म्हणतात." हे कोण? कॉलेजात गणित शिकवणारे. त्यांना पुराचं काय माहीत? घर सोडलं की चोर येतात. नावेतून येतात, कुलूप तोडतात आणि पंखासुद्धा उतरवून नेतात. पुरात घर सोडणं हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. आणि बाळंतिणीने ओल्या रस्त्यातून अंगावरचं मूल घेऊन दुसऱ्याच्या घरी, जिथे दिवसभर मासळी तळतात तिथे राहायला जायचं? तोवर झालेच तर दीड-दोन महिने होतील, तेवढ्या दिवसांची बाळंतीण नाजूक असते.

मी तुला माप सांगते. हे माझ्या सासूबाईंचं माप, तुझ्या आजीचं. त्यांनी साठ पूर बघितले. गंगेला किती पाणी चढलं ते रेडिओवर सांगतात, त्याचा आपल्याला उपयोग नाही. आपण मणिकर्णिकेकडे बघायचं. आपल्या गच्चीवरून दिसते. चिता खाली घाटावर जळतात तोवर काहीच नाही. पाणी चढलं की डोम लोक चिता घाटावरच्या इमारतीच्या छतावर नेतात. आणि त्याहून चढलं की गल्लीत जळायला लागतात. गल्लीत जळायला लागलं की घर सोडायचं. त्याच्या आधी नाही.

मी इथे रोज बघते. तुला बघायची गरज नाही. मी कळवेन.

तोवर इतकं करून ठेव. तखतपोसाच्या, त्या लाकडी पलंगाच्या, चारी पायांखाली विटा लाव. पीठ, तांदूळ, सत्तू वरच्या फळीवर. लाई-चणे चार दिवसांचे. फिटकरी, म्हणजे तुरटी आण, पाण्यात फिरवायला. पाणी उकळूनच पी, तू पितेस ते तिला जातं. बिजलीचा खटका ओल्या हाताने नाही. पाणी वाढलं की साप कोरडी जागा शोधतात, तेव्हा अंथरूण झटकल्याशिवाय बाळ ठेवायचं नाही.

तुझी आई, आणि मैत्रेयीची आजी


१९ ऑगस्ट, शुक्रवार

चि. हिमानी,

हे पद्माच्या हातून पाठवते, पोस्टावर भरवसा नाही. ती म्हणते शाळेत तुझी रजा आहे तरी ती तुझ्या घरी नेऊन देईल.

चार दिवस पाऊस आहे. तू घाबरली असशील. घाबरू नकोस. मी आत्ता गच्चीवरून बघून आले. काल दुपारपासून छतावर जळतंय, गल्लीत आलेलं नाही. गल्ली अजून आठ-नऊ हात वर आहे. खालची देवळं बुडाली, ती दरवर्षी बुडतात. आमच्याकडे जेवायला आलेले वाईचे एक म्हातारे विचारत होते, बाई, आम्ही परत जाऊ का. मी म्हटलं, भात घ्या. काशीला पूर नवीन नाही.

तुझा नवरा घाई करत असेल. त्याला म्हणावं, माझी आई पन्नास वर्षं गंगेच्या तोंडावर राहते. ती सांगेल तेव्हा निघू.

मैत्रेयीला दोन दोन कपडे घाल, छातीशी धर. ओले लंगोट घरात वाळत घातलेस तर कोळशाची शेगडी लांब ठेव आणि खिडकीची फट उघडी ठेव.

सोमवारी परत कळवते.

आई


२२ ऑगस्ट, सोमवार

हिमानी,

हे कोणाबरोबर पाठवू कळत नाही. तरी लिहिते, हाताला काहीतरी पाहिजे.

पद्मा शुक्रवारी संध्याकाळी तुला पत्र देऊन आली. म्हणाली, अंगणाच्या कोपऱ्यात नाल्याचं पाणी साठलंय, बाकी ठीक. आज शाळा बंद. ती पुलापर्यंत जाऊन परत आली. पुढे जाऊ देत नाहीत. पोलीस दोरी लावून उभे आहेत, दोरीच्या पलीकडे नावा आहेत.

मी विचारलं, नावा कशाला, गंगा तर तिथून दीड कोस. ती म्हणाली, काकू, गंगेचं नाही. वरुणेचं. गंगा भरली की वरुणेला जायला वाट राहत नाही, ती उलटी फिरते आणि मागे पसरते.

हे मी ऐकलं नव्हतं असं नाही. दरवर्षी भादव्याच्या आधी भाजी महाग होते, भाजीवाली म्हणते, वरुणापार सब डूब गवा बहिनजी. मी म्हणते, मग काय पैसे जास्त घेणार का? पन्नास वर्षं ऐकलं. ते तिच्या तोंडलीचं रडगाणं होतं. तिथे माझं कोणी राहत नव्हतं.

मी गच्चीवर चार वेळा गेले. छतावरच जळतंय. अजून छतावरच. आज पहिल्यांदा ते बघून मला बरं वाटलं नाही.

एसटीडीवाल्याकडे जाऊन तुझ्या नवऱ्याच्या कॉलेजात फोन केला. वाजत राहिला. बंगाली टोल्यात तुझ्या सासूबाईंचं घर मला माहीत नाही, दोन वर्षांत विचारलं नाही. मग गेलेच. एकेका गल्लीत विचारत, विश्वजीत मास्टर की माँ कहाँ रहती हैं. तिसऱ्या गल्लीत एका मिठाईवाल्याने दाखवलं. त्या दारातच उभ्या होत्या. मला बघून त्यांना वाटलं मी तुझी बातमी आणली. मला वाटलं तू आत आहेस. मग त्यांनी विचारलं, "आपके पास नहीं आए?"

त्यांनी बसा म्हटलं. पाणी आणलं. मी प्यायले.


२४ ऑगस्ट, बुधवार

हिमानी,

आज सकाळी विश्वजीत आला होता. तू पाठवलंस की आपणच आला ते मी विचारलं नाही. तू आणि मैत्रेयी सरकारी दवाखान्यात आहात, सोमवारी दुपारपासून, हे त्याने पहिल्या वाक्यात सांगितलं. ते पहिल्यांदा सांगितलं हे त्याचे उपकार.

मी पोळ्या लाटत होते. दार उघडं होतं. तो उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला. गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला, चप्पल एकच.

म्हणाला, "माँजी, अंदर नहीं आऊँगा. पुराना सूती कपड़ा चाहिए. बच्ची के लिए. हमारा सब भीग गया, माँ के यहाँ से जो लाया वो भी खतम."

मी म्हटलं, आत या.

म्हणाला, "पैर में कीचड़ है."

चिखलासाठी तो थांबला नव्हता हे मला कळलं, आणि मला कळलं हे त्याला कळलं. मी तुझ्या बाबांची धोतरं काढली. सहा वर्षं पेटीत ठेवलेली, कोणाला हात लावू दिला नव्हता. फाडायला बसले तर फाटेनात, त्याने बाहेर पायरीवर बसून दाताने टोक धरून फाडली. तेव्हा बोलला. मी विचारलं म्हणून.

शनिवारी सकाळी तो रिक्षा घेऊन आला होता. पिशवी बांधून तयार होती. तू म्हणालीस नाही. "आपकी चिट्ठी हाथ में थी. बोली, आई ने लिखा है अभी छत पर ही जल रहा है, गली में नहीं आया. आई जानती है. रिक्शावाला आधा घंटा खड़ा रहा, फिर चला गया." रविवारी उजाडायच्या आत पाणी आलं. मैदानाकडून नाही आलं. संडासातून वर आलं, मोरीतून आलं, घराच्या आतून. दार बंदच होतं. सात वाजता गुडघा, नऊ वाजता कंबर. मग जिना. मग दोन दिवस आणि एक रात्र गच्चीवर, त्या टीनखाली, तिघं, आणि प्यायला तेच पाणी कापडातून गाळून.

मी विचारलं, टीन?

म्हणाला, "टीन नहीं हिली. आपने जैसे लिखा था वैसे ही बाँधी थी. मराठी पढ़ लेता हूँ, माँजी. आपकी सब चिट्ठियाँ मैंने पढ़ी हैं."

त्याच्या आवाजात राग असता तर मी काहीतरी बोलले असते. नव्हता. झोप नव्हती फक्त. म्हणाला, डॉक्टरीण म्हणते बाळाच्या अंगातलं पाणी गेलंय, सलाईन लावलंय, शीर सापडत नव्हती म्हणून डोक्याला लावलंय, आजचा आणि उद्याचा दिवस बघायचा. कपडे घेऊन तो निघाला. मी लाडू देऊ का म्हटलं. म्हणाला, नको, हिमानी काही खात नाही.

आता मी लिहिते ते नीट वाच. वाचून फेकून दे, पण वाच.

सासूबाईंचं माप मी तुला अर्धं सांगितलं. पूर्ण असं आहे. चिता छतावर गेल्या की बायका-पोरांना हलवायचं. गल्लीत आल्या की पुरुषांनी निघायचं. अठ्ठ्याहत्तरला छतावर जळायला लागलं त्याच दिवशी मला आणि तुला पंचगंगा घाटावरच्या उंच घरात पाठवलं होतं. तू आठ वर्षांची होतीस, तुला वाटलं आपण पाहुणे म्हणून गेलो.

मी पहिलं गाळलं. विसरले नाही. लिहिताना मला आठवत होतं. पण छतावर गेलं असं लिहिलं असतं तर तू तुझ्या सासूकडे गेली असतीस. माझ्याकडे तू आली नव्हतीस. बाळंतपणालाही नाही. मग तू मूल घेऊन तिच्या घरी राहायला जाणार, ती त्याला मांडीवर घेणार, हे मला बघवेना. एवढंच कारण आहे. दुसरं चांगलं कारण शोधून बघितलं, नाही सापडलं.

आणि शुक्रवारी मी स्वतःच्या हाताने लिहिलं की काल दुपारपासून छतावर जळतंय. म्हणजे गुरुवारीच तुला निघायला सांगायचं होतं.

वरुणेचं मला कळलं नाही, ती माझी अक्कल. हे मात्र अकलेतलं नाही.

विश्वजीतने तुला सांगितलं होतं. त्याचं बरोबर होतं. पुढे कधी आमच्या दोघांत निवडायची वेळ आली तर लक्षात ठेव.


२६ ऑगस्ट, शुक्रवार, दुपार
दवाखाना, बाहेरचा बाक

हिमानी,

हा कागद त्या उंच नर्सबाईच्या हातून पाठवते. विद्युल्लता नाव आहे तिचं, नागपूरची आहे, म्हणून मराठी ऐकून थांबली. मी तिला म्हटलं, आत सांगा, बाहेर आई बसली आहे. ती आत जाऊन आली आणि म्हणाली, "त्या म्हणाल्या, बसायचं तर बसू दे." बरं. बसले आहे. सकाळी सातपासून.

दवाखाना म्हणजे तुझं घर नव्हे, तेव्हा शपथ मोडली नाही, असं गल्लीत कोणी म्हणेल. तसं नाही. काल मी तुझ्या घरी गेले होते. आधी घर बघितलं आणि मग इथे आले, कारण न बघता आणखी एक अक्षर तुला लिहायचं नव्हतं.

पुलाच्या पुढे रस्ता उतरतो. मग आणखी उतरतो. मी चालत होते आणि मनात म्हणत होते, आता सपाट होईल. होतच नाही. माझी गल्ली घाटाच्या माथ्यावर आहे, तुझं घर परातीच्या तळाला. त्या तळाला तीन पायऱ्या आहेत की तीस, काय फरक पडतो. मी तीन ऐकून खूश झाले होते. एका मल्लाहने पन्नास पावलं नावेतून नेलं. पाणी उतरतंय, पण तुझ्या दारात अजून मांडीला लागतं. मी उतरले. आत गेले. उंबरा कुठे गेला तो पायाला लागला नाही. तखतपोस विटांवर होता, तू लावल्या होत्यास, आणि वरची गादी पाण्यात तरंगून खिडकीला अडकली होती. कागदांचा डबा माळ्यावर कोरडा आहे. तो मी आणला. माझ्या पिशवीत आहे. पंखाही जागेवर आहे. चोर आले नव्हते.

भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या खांद्याच्या वर आहे. तुझ्या नाकाला आली असती. मैत्रेयीला तू कुठे धरलं असशील, ते मी तिथे उभी राहून हात वर करून बघितलं.

आता बाळाला काय द्यायचं, काय नाही, मी काही सांगत नाही. डॉक्टरीण सांगते ते कर. तुझ्या सासूबाई सकाळी आल्या, त्यांनी मला बघितलं, माझ्याजवळ एक केळं ठेवून आत गेल्या. त्या बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आज पेशाब हुआ, दो बार." मी त्यांना तीन वेळा तेच विचारलं. त्यांनी तीन वेळा सांगितलं.

विद्युल्लता म्हणते, तू रविवारपासून झोपलेली नाहीस. बसल्या बसल्या डोकं पडतं आणि दचकून उठतेस, सलाईनची नळी हलली का बघतेस. विश्वजीत कॉलेजात पगाराचं विचारायला गेलाय, सासूबाई घरी भात घालायला गेल्यात. म्हणजे आत्ता आत कोणी नाही.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते तुझ्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल.

तू झोप. दोन तास. तिथेच खाटेखाली चादर टाकून. तोवर मी तिच्याजवळ बसते आणि नळी बघते. हात धुतलेत. साडी आजच धुवट नेसले आहे. तिला उचलणार नाही, नळी आहे तर. बोलणार नाही. तू डोळे उघडलेस की मी बाहेर येऊन परत बाकावर बसेन.

आई